आत्याबाईंचा बाजार

माथेरानचा बाजार देवानं मांडला आणि राखायला आमच्या आत्याबाईंना दिला, असं लग्न होऊन मी वर आले तेव्हा मला खरंच वाटलं होतं. आत्याबाई म्हणजे आमच्या ह्यांच्या आत्या. तरुणपणी नवरा गेला, भावाकडे आल्या. भाऊ-भावजयही गेल्यावर आमच्या पदरात पडल्या, की आम्ही त्यांच्या, कोण जाणे. हे एका हॉटेलात कारकून. घर लहान, आणि आत्याबाईंचा जीव घरात कधी रमलाच नाही. त्यांचा संसार बाजारात. पायथ्याच्या वाड्यांतल्या ठाकरणी टोपल्या डोक्यावर घेऊन डोंगर चढून आल्या, की ह्या पिशवी घेऊन हजर. भाव नंतर. आधी, "कुठनं तोडलीस गं?" ओढ्याकडची म्हटली तर एक तोंड, कड्याकडची म्हटली तर दुसरं. मग कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या पायात काटा मोडला, सगळी चौकशी. माकडांना त्या जावई म्हणत. "आलात का जावईबापू? बसा, अजून कायपण शिजलं नाय," असं म्हणून काठी उगारत. तीन तासांनी घरी यायच्या आणि तेव्हा कळायचं की भाजी घ्यायची राहिलीच. आम्ही पोट धरून हसायचो. तेव्हा हसायचो.

पण खरा दरारा शेवळांच्या दिवसांत. मृगाच्या तोंडावर रानात जमिनीतून कोंब निघतात, ती शेवळं. चवीला मटणाच्या तोंडात मारतील, पण खाजरी. काकडाच्या झाडाची हिरवी आंबट फळं ठेचून घातली नाहीत, तर घशात सुया टोचतात. म्हणून शेवळांच्या जुडीबरोबर मूठभर काकडं घ्यायचीच, ही आमच्याकडची रीत. एकदा गॉगलवाल्या एक मुंबईच्या बाई नुसत्या दोन जुड्या घेऊन निघाल्या. आत्याबाईंनी सरळ त्यांच्या पिशवीत हात घालून जुड्या बाहेर काढल्या.

"अहो, हे काय? विकत घेतल्यात मी!"

"घेतल्या असतील. नवऱ्याशी भांडण झालंय का तुमचं?"

"काय?"

"मग त्याचा गळा कशाला धरताय? सोमे, ह्यांना आधी काकडं दे."

सोमी म्हणजे शेवळंवाली ठाकरीण. तोंडाला पदर लावून म्हणाली, "देतच व्हते आजी, बाई थांबली तर ना!"

अशी ही बाई. आणि पुढं काही वर्षांनी ह्यांचे साहेब आमच्याकडे जेवायला आले, त्या दिवशी शेवळांची भाजी आत्याबाईंनीच केली. दुसऱ्या घासाला साहेबांनी ताट सरकवलं. आमची धाकटी लेक रडायला लागली.

"आत्या, काकडं घातली नाहीस?"

"मला शिकवतोस होय रं? तुझ्या बापाला शेवळं खायला घातलीत मी!"

दुसऱ्या दिवशी हे पूजेला बसले तर काकडं देव्हाऱ्यात. बाळकृष्णापुढं ओळीनं मांडलेली, एकेकावर हळदकुंकू वाहिलेलं. कुणी हसलं नाही. दोनदा एक घोडेवाला त्यांना भलत्याच वाटेवरून घरी घेऊन आला होता, ते आम्ही थट्टेवारी नेलं होतं. आता ह्यांनी पिशवी काढून घेतली. "बाजार पुरे, आत्या. धुक्यात कड्याकडं गेलीस म्हणजे?"

"बाजारात मला कोण हरवू देतंय?" एवढंच म्हणाल्या.

मग दारात बसून राहायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला, "काय आलंय गं आज?" उत्तर द्यायला कोण थांबतंय? जेवण सुटलं. लुगडं अंगावर राहीना, इतक्या वाळल्या. एक दिवस सोमीच दारात आली. "वयनी, आजीला आना की. आमी हाय ना सगल्या."

हे कामावर गेले की मी त्यांना चोरून न्यायला लागले. त्या कुठंही भरकटल्या तरी कुठल्यातरी टोपलीमागून हाक यायची, "आजी, इकडं या!" आणि त्या वळायच्या. महिनाभरात भाकरी खायला लागल्या. मला वाटलं, जमलं.

एका सकाळी, हाताला हात दिसेना असं धुकं. मी त्यांच्या दोन पावलं मागं होते. त्या वळल्या आणि माझ्याकडं बघत राहिल्या.

"नवीन दिसता? एकट्याच?"

सोमी म्हणाली, "अवो आजी, ही तुमची..." मी तिला हातानंच थांबवलं.

"हो," म्हटलं, "एकटीच."

"मग चला माझ्यासंगं. इथं पारखून घ्यायला लागतं." माझं मनगट धरून त्यांनी सगळा बाजार दाखवला. मध्येच थांबल्या. "घरी सून हाय माझी. गुणाची हाय, पण बाजार तिला कळत नाय. मी गेल्यावर तिचं कसं व्हायचं, येवढाच घोर हाय बघा."

इतक्या वर्षांत हे त्या मला कधी बोलल्या नव्हत्या.

"शिकेल की," मी कसंबसं म्हटलं.

घरापर्यंत हात सोडला नाही. ओटीवर मला बसवलं आणि दारातून आत हाक मारली, "अगं, पाहुण्या आल्यात, चहा टाक!" मी उठले, घराला वळसा घालून मागच्या दारानं आत गेले आणि दोन कप चहा केला. घेऊन बाहेर आले तर त्या धुक्याकडं बघत होत्या.

"पाहुण्या कुठं गेल्या गं?"

"गेल्या, आत्याबाई."

"थांबवायचं व्हतंस. एकटी बाई हाय," म्हणाल्या, आणि तिच्या कपावर त्यांनी बशी झाकून ठेवली.