शेवटच्या सायकलची घंटी

पहाटे खिडकीतून गुऱ्हाळाचा वास आला आणि सत्तरच्या दशकातला एक रविवार आठवला. स्वेटरच्या आत वर्तमानपत्रं खुपसून आम्ही चौघे मित्र सायकलींवर पन्हाळ्याला निघालो होतो. धुक्यात काही दिसायचं नाही, म्हणून आमचा नेम होता: सगळ्यात मागच्यानं घंटी वाजवत राहायचं, ती बंद पडली की पुढच्यांनी थांबायचं.

मागं दिनकर होता. अचानक घंटी थांबली. हाका मारत आम्ही उलटे फिरलो, तर हा गुऱ्हाळावर, हातात गरम काकवीची वाटी.

"मेलो न्हाय, हाय की! या!"

आम्ही त्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

दिनकर गेला, मागोमाग ते दोघंही. आता सगळ्यात मागं मीच. माझी घंटी बंद पडली, तरी थांबायला पुढं कुणी नाही.