अनंतरावांचा एएसएपी

नेरच्या अनंतरावांना साधा निरोप म्हणून लिहिता यायचा नाही. कचेरीत एक फौजेतून रिटायर झालेले साहेब आले होते, त्यांच्याकडून यांनी एएसएपी हा शब्द उचलला. पलटणीतला शब्द आहे, जमेल तितक्या लवकर करा असा अर्थ, असं साहेबांनी समजावलं होतं. तो जो यांना चिकटला, तो स्वतः रिटायर झाल्यावरही सुटला नाही. दूधवाल्याला एएसएपी, गॅसवाल्याला एएसएपी. बायको रजनीताई म्हणायच्या, कधी तोंडानं काही मागत जा हो. पण मागणं या गृहस्थाला ठाऊकच नव्हतं. हुकूम सोडायचा नि वाट पाहायची.

मग रजनीताईंच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन सोमवारी, यवतमाळला. आता भल्या माणसानं पुण्यातल्या लेकीला, शाल्मलीला, काय लिहावं? 'आईचं ऑपरेशन सोमवारी. ये. एएसएपी.' उत्तर आलं, 'हो बाबा. एएसएपी.' त्यानंतर शुक्रवार उजाडला तरी तिचा पत्ता नाही.

घरात बसवेना म्हणून अनंतराव शेजारच्या वाहिद मेकॅनिककडे गेले. लेकीचा मेसेज दाखवून विचारलं, ही नेमकी येईल कधी? वाहिदनं आधी हात पुसले.

"रागावू नका साहेब. तुमचा असा मेसेज आला का मी पयले च्या पिऊन घेतो. खरंच अडलं असतं तं तुम्ही फोन केला असता."

राग आला, चांगलाच आला. पण काढायचा कोणावर? फौजेत त्या शब्दामागं जीव पणाला लागलेला असतो, आणि यांनी तो भिंतीवरचं कॅलेंडर मागवायलाही वापरला. त्याला किंमत उरणार कशी? लेकीनं बापाचा शब्द बापासारखाच वापरला, तिचं काय चुकलं?

तिथंच स्टुलावर बसून त्यांनी फोन लावला. शाल्मली म्हणाली, मीटिंगमध्ये आहे बाबा, फार घाई आहे का?

अनंतरावांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"घाईचं नाही गं. मले भीती वाटून राह्यली. तुह्या आईले काही झालं तं मी काय करू? तू ये न बाई."

शाल्मली मीटिंगमधून उठून बाहेर आली. बापानं तिच्याकडे जन्मात पहिल्यांदा काही मागितलं होतं. मग म्हणाली, आजच्याच गाडीनं निघते. आणि फोन न ठेवता दोघंही नुसतीच रडत राहिली.