मायचं लुगडं

गिरणीतली नोकरी मी सोडली तेव्हा सगळ्यांना सांगितलं, मानापायी सोडली. एकोणीस वर्षं कापड तपासल्यावर काल आलेल्या साहेबानं माझ्यावर नजर ठेवावी, हे मला सोसवलं नाही, असं. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं आज लिहितो, कारण ते लपवून देवीचं नाव घ्यायला तोंड होत नाही.

स्वातंत्र्याला पाचेक वर्षं झाली होती तेव्हा. माझं काम दोष शोधायचं. धागा तुटलेला किंवा वीण विरळ दिसली की तिथे लाल खडूनं खूण करायची. एकदा मीच घाईत न बघता पुढे सोडलेला खराब तागा बाजारातून परत आला. मी म्हणालो, माझी खूण होती, विणकरानं पुसली. शंकर नावाच्या त्या विणकराला काढून टाकलं. पुढे महिनाभर मी कामावर गेलो, पण खडू हातात घेतला की खूण न करताच खाली ठेवायचो. शेवटी राजीनामा दिला, तोही ताठ मानेनं.

घरी बसलो आणि बायकोनं जुना नवस काढला. नऊ वर्षांपूर्वी मी विषमज्वरानं पडलो असताना ती कोराडीच्या देवीला बोलली होती, हे उठले की यांच्याच हातचं लुगडं तुला नेसवीन. "अवो, आता तं येळच येळ हाय तुमच्यापाशी," ती म्हणाली. "नवरात्रातल्या अष्टमीले न्यायचं." मागच्या खोलीत वडिलांचा हातमाग धूळ खात होता. मी कोष्ट्याच्या घरचा, पण गिरणीत लागल्यापासून मागाच्या खड्ड्यात पाय घातला नव्हता.

एवढं कापड पारखलेल्या माणसाला एक लुगडं काय जड, असं मला वाटलं. ताण्याचे उभे धागे चढवले, तर पहिल्याच दिवशी जागोजागी तुटले. जोडावा तर गाठ मागाच्या फणीत अडकायची, गाठ सोडवावी तर शेजारचा धागा जायचा. मी मागावर चिडलो, सुतावर चिडलो, नवस बोलणाऱ्या बायकोवर चिडलो आणि, लिहायला लाज वाटते, देवीवरही चिडलो. हिला एवढी लुगडी येतात, माझ्याच हातचं कशाला हवं? अष्टमी आठ दिवसांवर आली आणि वीतभरही कापड झालं नव्हतं. बायको दारातून म्हणायची, "मागाले शिव्या देऊन काय होते? तो का साहेब हाय?" मग मी आणखीच भडकायचो.

त्या दुपारी कपाळाला हात लावून बसलो आणि म्हणालो, माय, मला नाही होत. घे तुझा नवस परत. रागानंच म्हणालो. प्रार्थना म्हणावं असं त्यात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं एका म्हाताऱ्याला हाताला धरून आणलं. गल्लीतल्या देवळात भेटले म्हणे, गोविंदाबाबा, उमरेडकडचे जुने विणकर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी मनात म्हटलं, आता एवढंच बाकी होतं. बाबांनी ताण्यावरून हात फिरवला. "लय वढतो गा तू. सूत का पळून चाललं?" त्यांनी बोटांना चिमूटभर राख लावली आणि तुटलेली टोकं चाचपून, गाठ न मारता, नुसता पीळ देऊन जोडायला लागले. ती टोकं पुन्हा तुटली नाहीत.

चार दिवस आम्ही बसलो. ते जोडत, मी धोटा टाकत विणत. चौथ्या दिवशी काम करता करता ते म्हणाले, "माहं पोरगं शंकर गिरणीत होतं. तपासणाऱ्यानं त्याच्यावर खोटं घातलं. आता लाकडं फोडून राहिला."

धोटा माझ्या हातून निसटला. "बाबा, तो तपासणारा मीच."

त्यांची बोटं थांबली नाहीत. "माहीत हाय मले. तुह्या घरचीनं तुहं नाव अन् गिरणीतलं काम सांगतलं तवाच समजलं."

"मग आले काहून?"

"लुगडं तुहं थोडीच हाय गा? मायचं हाय." पुढचं टोक जोडत म्हणाले, "धोटा उचल. अष्टमी तुह्यासाठी थांबून नाही राहिली."

मी उचलला, पण फणीचा ठोका हलका पडत गेला. बोटभर रुंदीचा विरळ पट्टा पडला. तो उसवायला लागलो तर बाबांनी चाचपून पाहिलं आणि माझा हात धरला. "राहू दे. तिच्यापासून लपवतो कशाले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीत जाऊन त्याच नव्या साहेबापुढे उभा राहिलो आणि जे झालं ते सांगितलं. त्यानं मला बसायलाही सांगितलं नाही. दिवाळीआधी शंकरला कामावर परत घेतलं. तो माझ्याशी अजून बोलत नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

लुगडं सप्तमीला पुरं झालं. अष्टमीला आम्ही तिघं बैलगाडीनं कोराडीला गेलो. मी रागानं हाक मारली होती. देवीनं माणूस धाडला तो असा, की ज्याच्यापुढे माझी मान पुन्हा ताठ होऊच नये. याहून मोठी कृपा मला मागताही आली नसती. पुजाऱ्यानं लुगडं नेसवलं, तर तो विरळ पट्टा नेमका पुढे, निऱ्यांवर आला. माझी नजर आधी तिथेच गेली, आणि सवयीनं हात खिशात गेला, खडूसाठी. खिसा रिकामा होता. मग तो हात बाहेर काढला आणि दुसऱ्याला जोडला.