अब्बांचा डावा डोळा

एका सेमिस्टरसाठी माझी पोलंडला जायला निवड झाली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद अब्बांना झाला होता. कळंब्याला त्यांचं शिलाईचं दुकान. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता ते सांगायचे, "पोरगी परदेशात चाललीया. कॉलेजनंच धाडलीया." घरात आम्ही तिघंच. बँक, दवाखाना, सरकारी कागद सगळं मी बघायचे. अम्मी एकटी कधी बाजाराच्या पुढं गेलेली नव्हती.

तिथून मी रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल लावायचे. घरी तेव्हा चहाची वेळ. अब्बा फोन असा धरायचे, की मला कधी त्यांचं कपाळ दिसायचं, कधी नुसतं पंख्याचं पातं. "अब्बा, खाली घ्या की जरा!" म्हणत मी हसायचे. त्या हसण्याची आता लाज वाटते.

डिसेंबरात बर्फावरून पाय घसरून मी पडले. उजव्या मनगटाला प्लास्टर घातलं. दोन दिवस अभ्यासाची सबब सांगून फोन टाळला. तिसऱ्या दिवशी ठरवलं, दाखवून टाकावं. कॅमेऱ्यासमोर हात धरला आणि अब्बांच्या ओरडण्याची वाट बघत बसले.

"थंडी लई हाय का गं तिकडं?" त्यांनी विचारलं.

"अब्बा, बघा तरी."

"बघतोय की. बरी दिसतीयास."

तेवढ्यात चहा घेऊन अम्मी मागं आली आणि किंचाळली, "या अल्ला! हाताला काय झालं?"

"कुणाच्या हाताला?" अब्बा म्हणाले.

अम्मीनं कप खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला.

हळूहळू सगळं कळलं. साखरेमुळं अब्बांच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटत चालला होता. उजव्यालाही धूसरच दिसत होतं. आठवड्याच्या आत ऑपरेशन करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याला सव्वा महिना झाला होता. पोरगी परत आली की बघू, तोवर तिला एक अक्षर सांगायचं नाही, असं अब्बांनी अम्मीला बजावलं होतं. दुकानात ते फक्त मापं घेत होते. टेपवरचा आकडा गिऱ्हाईकच वाचायचं.

मी ओरडले. लायब्ररीच्या जिन्यात उभी राहून, येणारेजाणारे बघत असताना, मराठीत ओरडले. "मी उद्याच निघते," म्हणाले.

"परीक्षा सोडून आलीस तर दार उघडणार न्हाय," अब्बा म्हणाले. त्यांचा आवाज मात्र पडलेला होता.

दवाखान्यात मी तिथूनच फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "पेशंटला घेऊन या." एवढी सोपी गोष्ट होती, आणि तेवढीच मला करता येत नव्हती. शेवटी अम्मी गेली. रिक्षात बसवून, हाताला धरून तिनं त्यांना नेलं. फॉर्मवर कुठं सही करायची, हे तिनं शेजारच्या पेशंटच्या बायकोला विचारलं. ऑपरेशन चालू होतं तेव्हा मी वसतिगृहाच्या धुलाईखोलीत बसले होते. मशीनमध्ये माझेच कपडे फिरत होते.

ऑपरेशननंतर अब्बांना दिवसभर पालथं झोपायचं होतं. ऑपरेशनात डोळ्यात भरलेल्या तेलानं पडदा जागेवर बसावा म्हणून. अम्मीनं दोन उशा मांडल्या आणि मधल्या फटीखाली, जमिनीवर, फोन ठेवला. मला त्यांचा चेहरा वरून लोंबल्यासारखा दिसायचा. गाल सुटलेले, डोळ्यावर पट्टी, नाकाचं टोक लाल झालेलं.

"काय करतीयास?" ते विचारायचे.

"काही नाही. तुमच्याशी बोलतीय."

"अभ्यास कर की मग."

एकदा बोलता बोलता त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी टपकलं ते थेट स्क्रीनवर. ते रडत होते की औषधाचं होतं, मी विचारलं नाही. मला तो थेंब पुसतासुद्धा आला नाही. अम्मीनं येऊन फोन फडक्यानं पुसला आणि परत ठेवला.

परीक्षा मी दिली. पेपर बरे गेले, आणि बरे गेले याचाच राग आला.

फेब्रुवारीत परतले. अब्बा दारातच उभे होते. मी रिक्षातून उतरले तरी ते रस्त्याकडंच बघत राहिले. मी "अब्बा" म्हटल्यावर वळले. डावा डोळा गेलाच. वेळेवर केलं असतं तर वाचला असता का, असं डॉक्टरांना विचारलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले, आणि फाईल मिटली.

आता बारीक शिलाई दुसऱ्याकडं जाते. अब्बा कापड कापतात, तेही दिवसाच्या उजेडात. मी का आले नाही, हे त्यांनी कधी विचारलं नाही. तुम्ही का लपवलंत, हेही मी विचारलं नाही. रस्त्यानं जाताना मी त्यांच्या डाव्या बाजूनं चालते. त्या बाजूनं गाडी आली तर त्यांना कळत नाही.