अर्ध्या कादंबरीसाठी मंगरूळपीर

वाशीमहून मंगरूळपीरला जाण्याला आज कुणी प्रवास म्हणणार नाही. चांगला रस्ता आहे, मोटरसायकलवाले सहज जाऊन येतात. सत्तरच्या दशकात मी आणि माझी आत्या मात्र एसटीने धक्के खात गेलो, तेही एक बाई जगली की मेली हे शोधायला.

ती बाई कादंबरीतली होती. महायुद्धात शत्रूच्या शहरात शिंपीण बनून राहणारी, कोटाच्या अस्तरात निरोप शिवून पाठवणारी हेर. असल्या कादंबऱ्यांचं आत्याला भारी वेड! मोतीबिंदूमुळे तिला धड दिसत नव्हतं, म्हणून दुपारी मी मोठ्याने वाचायची आणि ती शेंगा सोलत ऐकायची.

आमच्या वाचनालयवाल्या काकांना एक खोड होती. जाड कादंबरी मधोमध फोडून ते तिची दोन पुस्तकं बांधायचे, म्हणजे एकाच वेळी दोन वाचक खूश. आमचं पहिलं पुस्तक संपलं तेव्हा पहारेकरी शिंपिणीच्या कोटाची शिवण उसवत होता. दुसरं पुस्तक नेलेल्या मास्तरीणबाईंची, सुमनबाईंची, मंगरूळपीरला बदली झाली होती, आणि पुस्तक सामानातून तिकडेच गेलं होतं.

आत्याचं ऑपरेशन चार दिवसांवर आलेलं, अकोल्याला. ती आधीच घाबरलेली, त्यात हे निमित्त मिळालं.

"ते सुटली का नाही, हे आयकल्याबिगर मी डोळ्याले हात लावू देत नाही."

उशीर केला तर उरलीसुरली नजरही जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. मग काय, निघालो.

सकाळची गाडी धरली. (तुम्हीही सकाळीच निघा, आणि मागची सीट टाळा.) शेजारच्या बाईने विचारलं, "कायले चालल्या मावशी?"

"एका बाईचा ठाव नाही लागून राह्यला. लढाईत अडकली बिचारी."

"अगं माय! जवळची हाय का?"

आत्याने जरा विचार केला. "आता झाली जवळची."

त्या बाईने ओंजळभर बोरं आत्याच्या पदरात टाकली आणि मंगरूळपीरच्या दर्ग्यात फुलं वाहायला सांगितलं. मला हसू आवरेना. आत्याने मात्र उतरल्यावर खरंच फुलं वाहिली, तीही शिंपिणीसाठी. स्वतःच्या डोळ्यांसाठी काही मागितलं नाही.

सुमनबाईंचं घर विचारत विचारत सापडलं. दारात बुद्धाची तसबीर, चुलीवर आधण. आम्ही कशासाठी आलोय हे कळल्यावर त्या हसतच सुटल्या.

"म्या तं मधातूनच वाचली! ते बाई अस्तरात काय लपवते, काहून लपवते, काई समजलंच नाही."

मग आत्याने पहिला अर्धा भाग सांगितला, सख्ख्या बहिणीची कहाणी सांगावी तसा. सुमनबाई भाकरी थापत ऐकत होत्या. "तुमी जैन ना? मंग पिठल्यात कांदा-लसूण नाही घालत," म्हणाल्या. तसं पिठलं मी पुन्हा खाल्लं नाही.

जेवल्यावर त्यांनी दुसरा भाग वाचायला घेतला. आत्या दोन्ही हात एकमेकांत घट्ट गुंफून बसलेली. शेवटच्या पानाशी आल्यावर सुमनबाई थांबल्या, आत्याच्या हातांकडे त्यांनी पाहिलं आणि मग पुढे वाचलं, "ते बोटीत बसली. सकायी तिले आपला किनारा दिसला."

कादंबरी एकाएकी वऱ्हाडी कशी बोलू लागली, हा प्रश्न मी गिळला.

"चाल, अकोल्याले जाऊ," आत्या डोळे पुसत म्हणाली.

काकांना परत द्यायला पुस्तक आम्ही सोबत घेतलं होतं; परतीच्या गाडीत ते पान मी हळूच वाचलं. शिंपिणीला गोळी घातली होती. मी काही बोलले नाही, आणि उतरल्याबरोबर पुस्तक काकांकडे देऊन टाकलं.

ऑपरेशन नीट झालं. जाड भिंगाचा चष्मा लागल्यावर आत्याने पहिलं काय विचारलं असेल तर, "ते पुस्तक परत केलं का?"

"केलं."

"बरं केलं. शेवटचं पान बाईनं उलटलंच नव्हतं. उलटलं असतं तं आवाज आला असता. इतक्या हेरांच्या गोष्टी आयकल्या म्या, एवढं बी नाही समजणार?"

"मग तू ऑपरेशनला गेलीस कशी?"

"तुमी दोघी माह्यासाठी इतकं खोटं बोलून राह्यल्या होत्या. मंग मी कायले भेऊ?"

मंगरूळपीरला त्यानंतर मी किती वेळा गेले याची गणती नाही. ती कादंबरी मात्र पुन्हा कुठे मिळाली नाही. कुणी तिचा शेवट विचारलाच, तर मी सुमनबाईंचा सांगते.