बाजूला बसण्याचे आठ दिवस

आजारपणात माणसाला आपलं खरं घर कोणतं ते कळतं. मला कळलं ते एवढंच, की माझा थायरॉइड गरजेपेक्षा जास्त चालतो. फरीदाबादचे डॉक्टर रिपोर्ट बाजूला ठेवून म्हणाले, "मैडम, गाड़ी खड़ी है और इंजन रेस में है."

आजाराचं नाव हायपरथायरॉइडिझम. गळ्यातली एक ग्रंथी वाजवीपेक्षा जास्त हार्मोन तयार करते. हात थरथरतात, छाती धडधडते, एका जागी बसवत नाही. न्यू जर्सीत वर्षभर मला हेच होत होतं. ऑफिसनं त्याला उत्साह समजून बढती जाहीर केली. निखिल, माझा नवरा, त्याला स्वभाव म्हणायचा.

दिराच्या लग्नाला फरीदाबादला आलो आणि मला हॉलमध्येच घेरी आली. निखिल रजा संपल्यावर परतला, मी तपासण्यांसाठी सासूबाईंकडे थांबले. रक्त, स्कॅन, पुन्हा रक्त. दवाखान्यात दर पाच मिनिटांनी मी उठून टोकनचा नंबर बघायचे. तीन आठवड्यांत हजर झाले नाही तर नवं पद दुसऱ्या कुणाला देऊ, असं ऑफिसनं फार सभ्य भाषेत कळवलं होतं. निखिल रोज फोनवर सांगे, नोकरी सोड, सहा महिने आईकडे राहा.

उपचार होता रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडीन. एक कॅप्सूल गिळायची, ती ग्रंथीला आतून थंड करते. सोबत सूचनांचा कागद मिळतो. सहा महिने मूल नको, असं त्यात होतं. चार वर्षं मी नातेवाइकांना जे समजावत होते, ते डॉक्टरांनी एका ओळीत लिहून दिलं. तुम्हाला कधी असा कागद मिळाला, तर जपून ठेवा. पुढे लिहिलं होतं: आठ दिवस वेगळी खोली, वेगळं ताट, कुणाच्या जवळ जायचं नाही.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी पाळीत बाजूला बसायला मी नकार दिला होता आणि सासूबाईंना विज्ञानावर अर्धा तास ऐकवलं होतं. आता विज्ञानानंच बाजूला बसवलं. सासूबाईंनी सरावल्या हातांनी चटई, तांब्या, ताट दारापाशी मांडलं. टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी मी खोलीत येरझाऱ्या घालत होते. सासूबाई दाराबाहेर, लांब, खुर्ची टाकून बसल्या.

"बस गं जरा. पाळीच्या असल्याच चार दिवसांत अभ्यास करून मी खात्याची परीक्षा दिली."

सरकारी क्वार्टरमध्ये सातजणांचं घर, वर त्यांची ऑफिसची नोकरी. एरवी पुस्तक उघडायला सवड नसायची, असं त्यांनी सांगितलं.

"चार दिवसांत झाला अभ्यास?"

"चाराचे मी सहा सांगायचे. परीक्षेच्या महिन्यात दोनदा बसले. मोजायला कोण येतंय?"

संध्याकाळी निखिलचा फोन त्यांनीच घेतला. तो बराच वेळ बोलत होता. त्या हां हां करत राहिल्या.

"ती रविवारी निघतेय," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि स्वयंपाकाचं तू बघ. ऑफिस सांभाळून तिला वेळ मिळणार नाही."

मी वेळेत हजर झाले. पद मिळालं. ग्रंथी आता जवळजवळ काहीच काम करत नाही. रोज सकाळी रिकाम्या पोटी एक गोळी घ्यायची, जन्मभर. त्यानंतर तासभर चहा प्यायचा नाही, स्वस्थ बसायचं. निखिलला मी दोन तास सांगितलेत.