खड्डा आला की उठणारे डोमाजी

समोर खड्डा दिसला की डोमाजी स्टिअरिंग धरूनच सीटवरून वीतभर उठत. आपला भार जीपच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर आदळू नये म्हणून. धक्का स्वतःच्या गुडघ्यांवर आणि कमरेवर घेत. पावर हाउस वस्ती ते कुम्हारी गाव हा रस्ता तेव्हा कच्चा होता आणि नव्या कारखान्याच्या बांधकामाचे ट्रक तो रोज उकरून ठेवत.

डोमाजी पोलिसांच्या गस्तीच्या जीपवर ड्रायव्हर होते आणि माझे शेजारी. मी कारखान्याच्या मोटार विभागात गाड्यांच्या दुरुस्तीचा हिशेब ठेवत असे; पोलिसांच्या गाड्याही आमच्याकडेच येत. त्यांची कंबर पार गेली होती. “ही जीप सोडा, नाहीतर अंथरूण धराल,” असे डॉक्टरांनी बजावले होते. नोकरी सोडणे शक्यच नव्हते.

त्याच वर्षी ठाण्यात मऊ बैठकीची एक नवी व्हॅन आली. हुकूम निघाला : व्हॅन आणि जीप पावसाळाभर एकाच रस्त्यावर चालवा. जीप कमी टिकली तर ती मोडीत जाईल आणि डोमाजींना दुसरी व्हॅन मिळेल.

त्यांच्या अंगणात बसून मी म्हणालो, “डोमाजी, दोन-चार खड्डे जोरात घ्या. काम होईल.”

“तिनं माह्यं काय वाईट केलं जी? मुद्दाम आपटनं मले नाही जमत.”

आतून त्यांची बायको म्हणाली, “गाडीले जपून राहिले बाप्पा! अन् रोज कमरेले तेल मले चोळा लागते!”



पावसाळा संपला. व्हॅनचे पाटे दोनदा तुटले, गिअरबॉक्स उघडावा लागला. जीपला काहीच झाले नाही. मी ठाण्यात जाऊन सांगितले, “ही तुलना बरोबर नाही. ड्रायव्हरांची अदलाबदल करून पुन्हा चालवून बघा.”

“गाड़ी चल रही है न, बाबू? फिर क्या तकलीफ़ है?” फौजदार म्हणाले.

जीप टिकाऊ ठरली. तिची सवय असलेला माणूस म्हणून डोमाजीच तिच्यावर कायम झाले. दोन वर्षांनी एका सकाळी त्यांना सीटवरून उठता येईना. शिपायांनी उचलून बाहेर काढले.

ते तुमसरजवळच्या त्यांच्या गावी परतले. भेटायला गेलो तेव्हा खाटेवर पडून होते. जीपचा विषय मला काढायचा नव्हता, पण त्यांनी विचारलेच, “जीप कशी हाय?”

“नव्या ड्रायव्हरनं आठवड्यात पाटा तोडला.”

“कोन्या खड्ड्यात?”

“कुम्हारीच्या अलीकडचा. वळणावरचा.”

त्यांनी डोळे मिटले. दोन्ही हातांनी खाटेच्या कडा धरल्या आणि कंबर उचलायला जोर लावला. कंबर उचलली गेली नाही.